विदर्भातल्या खेड्यातून अन्नपूर्णा बेस कॅम्प: दहा जणांच्या ग्रुपचं प्लॅनिंग आणि पैशाचा हिशोब

गावाकडच्या ग्रुपमध्ये परदेशातल्या ट्रेकचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, "खर्च किती येते भाऊ?" आणि त्याच्या मागोमाग दुसरा, "किती दिवसात होते?" मंग सगळे मिळून दिवस कमी करायच्या मागं लागतात, कारण दिवस कमी म्हणजे पैसे कमी, रजा कमी, घरच्यांची बोलणी कमी. माझं म्हणणं बरोबर याच्या उलट आहे. गाडी साधी करा, हॉटेल साधं करा, जॅकेट भाड्यानं घ्या, पण वर चढायचे दिवस कापू नका. उंचावर माणूस आजारी पडतो तो बहुतेक वेळा घाईनं वर गेल्यामुळं, आणि ही घाई आपण घरी बसून बजेट करतानाच ठरवून टाकलेली असते. म्हणून सुरुवात बजेटपासून नाही, दिवसांपासून करायची.

ट्रेक कोणता घ्यायचा

पहिल्यांदा जाणाऱ्या ग्रुपसाठी मी नेपाळातला अन्नपूर्णा बेस कॅम्पच सुचवीन, सगळे त्याला एबीसी म्हणतात. उंची ४,१३० मीटर. एव्हरेस्ट बेस कॅम्पचं नाव मोठं आहे हे खरं, पण तो ५,३६४ मीटरवर आहे, तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो, जाऊन-येऊन नुसतं चालायलाच बारा दिवसांच्या आसपास लागतात आणि लुक्लाचं (ट्रेक जिथून सुरू होतो त्या गावाचं) विमान हवामानामुळं रद्द झालं की दोन-तीन दिवस तिथंच अडकून पडावं लागतं. एवढे दिवस आणि एवढा पैसा शेतीवाल्या, नोकरीवाल्या दहा माणसांकडून एकाच वेळी जमवणं लय अवघड आहे.

एबीसीला दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास असतो. हेही कमी नाही. आपला वर्धा, यवतमाळ, वाशीम हा सगळा भाग अडीचशे ते साडेपाचशे मीटरमध्ये येतो, चिखलदरा अकराशेच्या थोडं वर, आणि महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच कळसूबाई सुद्धा १,६४६ मीटर. म्हणजे आपल्या इकडं कितीही डोंगर चढलात तरी पाय तयार होतील, फुप्फुसं आणि रक्त त्या उंचीला तयार होणार नाही, ते तिथं गेल्यावर हळूहळू चढूनच होतं.

दुसरा फायदा म्हणजे नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही आणि रेल्वे-बसनं पोखऱ्यापर्यंत, म्हणजे ट्रेकच्या जवळच्या शहरापर्यंत, जाता येतं. नेपाळी रुपयाचा दर पण ठरलेला आहे, आपले १०० म्हणजे त्यांचे १६०, त्यामुळं डॉलर वर गेला म्हणून सगळं बजेट कोलमडत नाही.

महिना ठरवताना आपलं शेतीचं कॅलेंडर बघा

या ट्रेकचे चांगले सीझन दोन, मार्च ते मे सुरुवात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. बाहेरचे लोक ऑक्टोबर सांगतात कारण तेव्हा आभाळ स्वच्छ असतं. पण आपल्याकडं ऑक्टोबरात सोयाबीन काढणी, मळणीयंत्राची वाट बघणं, लगेच कापसाचा पहिला वेचा, त्यात मजूर मिळत नाहीत, त्या दिवसात घरचा माणूस पंधरा दिवस गायब होणं शक्यच नाही. त्यात बंगालच्या उपसागरातली चक्रीवादळं त्याच काळात येतात. २०१४ च्या ऑक्टोबरात हुडहुड वादळ विशाखापट्टणमला धडकलं आणि त्याचा उरलेला जोर दोन दिवसांनी थेट अन्नपूर्णा भागात बर्फ होऊन पडला, ५,४१६ मीटरच्या थोरोंग ला खिंडीच्या आसपास चाळीसच्या वर माणसं गेली. म्हणून ऑक्टोबरात जाणार असाल तर समुद्रात वादळ आहे का हे बघूनच निघायचं.

आपल्यासाठी एप्रिल बरा. कापूस आणि तूर विकून झालेली असते, गहू-हरभरा घरात आलेला असतो, खरिपाची धावपळ सुरू व्हायला वेळ असतो. अडचण फक्त लग्नसराईची, तर ग्रुपमधल्या प्रत्येकानं घरातली, भावकीतली लग्नं अगोदर विचारून घ्या, नाहीतर तिकिटं काढल्यावर कुणाच्या तरी साळीचं लग्न निघतंच. एप्रिलच्या मध्यावर, १४ तारखेच्या आसपास, नेपाळी नववर्ष असतं, तेव्हा पोखऱ्यात गर्दी असते आणि जीप-रूम महाग होतात, ते चार दिवस टाळले तर बरं. ग्रुपमध्ये शिक्षक जास्त असतील तर मेचा पहिला आठवडा घ्या, फक्त तेव्हा दुपारनंतर ढग-पाऊस जास्त असतो, मंग रोज पहाटे लवकर निघून दुपारच्या आत मुक्कामाला पोचायचं.

माणसं आणि कागदपत्रं

आठ ते दहा जण पुरे. त्याच्या वर गेलं की एका लॉजमध्ये रूम मिळत नाहीत, जेवण यायलाच दोन तास लागतात. सगळ्यात हळू चालणारा माणूस जो वेग धरेल तोच ग्रुपचा वेग, हे पहिल्या मीटिंगलाच मोकळेपणानं बोलून घ्या, ज्याला पटत नाही त्यानं वेगळं जावं, त्यात राग धरायचं काही कारण नाही.

नेपाळसाठी पासपोर्ट किंवा मूळ मतदार ओळखपत्र, दोन्हीपैकी एक लागतं. आधार कार्डावर जाता येत नाही (१५ वर्षाखालची मुलं आणि ६५ च्या वरचे वडीलधारे सोडून), आणि आपल्याकडं बरेच जण नेमकं आधारच घेऊन निघतात. तरी मी म्हणतो सगळ्यांनी पासपोर्टच काढा. ट्रॅव्हल इन्शुरन्सवाले बहुतेक पासपोर्ट नंबर मागतात, आणि वर काही झालं तर हॉस्पिटलपासून सगळीकडं ओळख पटवायला तोच सोपा पडतो. साध्या पासपोर्टची फी १,५०० रुपये आहे, बऱ्याच जिल्ह्यांच्या ठिकाणी पोस्टातच पासपोर्ट केंद्र आहे. वेळ खरा जातो तो नावाच्या गोंधळात. टीसीवर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, बाईचं माहेरचं नाव एका कागदावर आणि सासरचं दुसऱ्यावर. ते दुरुस्त करायला महिना-दीड महिना सहज लागतो म्हणून डिसेंबरातच सुरू करा. जिल्हा परिषद शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, जे कुणी सरकारी नोकरीत आहेत त्यांना परदेशात जायला कार्यालयाची लेखी परवानगी लागते, नेपाळ जवळ असला तरी परदेशच आहे, तो अर्ज पण तेव्हाच टाका.

तब्येतीची तपासणी, आणि आपल्या भागात सिकलसेल पहिले

बाहेरच्या ट्रेक कंपन्यांच्या फॉर्ममध्ये बीपी, शुगर, दमा विचारतात, सिकलसेल बहुतेक नसतोच. आपल्या विदर्भात हा आजार कितीतरी घरांत आहे आणि अनेकांना आपण वाहक आहोत हे माहीतसुद्धा नसतं. ऑक्सिजन कमी झाला की लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि रक्तवाहिन्या अडवतात, म्हणजे उंचावर नेमकं जे घडतं तेच या आजाराला चिथावणी देतं. एसएस म्हणजे रुग्ण असलेल्यानं या ट्रेकला जाऊ नये, कितीही तगडा वाटत असला तरी. एएस म्हणजे वाहक असलेल्या बहुतेकांना रोजच्या जगण्यात काही त्रास होत नाही, पण उंचावर त्यांच्या प्लीहेचा रक्तपुरवठा अडून डाव्या बरगडीखाली अचानक जबर दुखू शकतं, म्हणून एएस असेल तर फिजिशियनशी बोलूनच ठरवायचं, आणि वर असं दुखलं तर वाट न बघता खाली उतरायचं. तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात होते. २०२३ मध्ये देशभर सिकलसेल निर्मूलनाचं मिशन सुरू झाल्यापासून गावोगाव शिबिरं पण झाली, तेव्हाचा कार्ड-रिपोर्ट घरात पडलेला असेल तर शोधा. सोल्युबिलिटी टेस्ट पॉझिटिव्ह आली तर तेवढ्यावर थांबू नका, एएस का एसएस हे सांगणारी पुढची टेस्ट करूनच घ्या.

त्याच फेरीत हिमोग्लोबिन बघा, बायकांचं तर नक्कीच. हिमोग्लोबिन नऊ-दहा असेल तर चार महिने हातात आहेत, डॉक्टरांच्या सल्ल्यानं गोळ्या सुरू करा, भरून निघतं. बीपी-शुगरवाल्यांनी ईसीजी काढून घ्या. उंचीच्या त्रासासाठी डायमॉक्स नावाची गोळी असते, प्रतिबंधासाठी साधारण १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात, पण ती स्वतःच्या मनानं मेडिकलमधून आणून खायची नाही, सल्फाची अॅलर्जी असणाऱ्यांना ती त्रास देऊ शकते. आणि गोळी घेतली म्हणून दिवस कमी करता येतील असं अजिबात नाही.

खर्रा. यावर मी प्रत्येक ग्रुपशी भांडतो. तंबाखूनं रक्तवाहिन्या आकसतात, भूक मरते, झोप बिघडते, आणि या तिन्ही गोष्टी उंचावर आधीच होत असतात. वर खर्रा मिळत नाही म्हणून घरून पुड्या बांधून नेणारे असतात, त्यांच्या पन्न्या मंग तिथल्या ओढ्यात पडतात. तीन महिने आधी सोडायला घ्या, एकदम तिथं जाऊन बंद केलं तर डोकं दुखतं आणि ते खर्र्याचं का उंचीचं हेच कळत नाही. दारू तीन हजार मीटरच्या वर पूर्ण बंद, हा नियम ग्रुपचा म्हणून ठेवा.

दिवसांचा आराखडा

तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, हा जगभर मानला जाणारा नियम आहे. दिवसा कितीही वर जाऊन या, रात्री कुठं झोपता ते महत्त्वाचं. आता हा नियम एबीसीवर लावून बघा.

पोखरा आठशे मीटरच्या थोडं वर. पहिल्या दिवशी जीपनं घांद्रुककडं, मुक्काम २,०१२ मीटर, गुरुंग लोकांचं सुंदर गाव आहे. दुसऱ्या दिवशी छोमरोंग, २,१७०. आकड्यात फरक थोडा दिसतो पण मधे खोल दरीत उतरून परत चढायचं असतं. तिसऱ्या दिवशी छोमरोंगच्या दगडी पायऱ्या उतरून, नदी ओलांडून, बांबू नावाच्या मुक्कामावरून दोवान, २,६००. चौथ्या दिवशी देउराली, ३,२३०. पाचव्या दिवशी फक्त माछापुछ्रे बेस कॅम्प, ३,७००, सगळे एमबीसी म्हणतात. सहाव्या दिवशी एबीसी ४,१३०, मुक्काम. सातव्या दिवशी उतरून थेट बांबू, आठव्या दिवशी झिनू आणि तिथला लांबच लांब झुलता पूल ओलांडून जीपनं पोखरा.

स्वस्त पॅकेज काय करतं, तर पाचवा दिवस खातं. देउरालीहून सरळ एबीसी, म्हणजे ३,२३० वरून ४,१३०, एका दिवसात झोपायची उंची नऊशे मीटर वर. रात्री दहा जणांतले तीन-चार जण डोकं धरून बसतात ते यामुळंच. ती एमबीसीची एक रात्र वाढवायला माणशी किती लागतात? जेवण-रूम दोन हजार, गाइड-पोर्टरचा त्या दिवसाचा वाटा दीड हजार, म्हणजे साडेतीन हजार रुपये. एवढ्यासाठी सहा महिन्यांची तयारी पणाला लावायची नाही.

या आठ दिवसांवर एक दिवस राखीव ठेवा, तो कधी वापरायचा हे गाइड ठरवेल. देउरालीच्या आसपासचा टप्पा हिमस्खलनाचा आहे, २०२० च्या जानेवारीत तिथंच जवळ चार कोरियन ट्रेकर आणि तीन नेपाळी सहकारी गेले. नवा बर्फ पडला असेल तर गाइड म्हणतो थांबा, तेव्हा थांबायला हातात दिवस पाहिजे, नाहीतर गोरखपूरहून परतीची रेल्वेची तिकिटं खिशात आहेत म्हणून लोक पुढं जातात. एरवी पण तो भाग पहाटे लवकर ओलांडायचा, ऊन तापायच्या आत.

आता पैसे

हे माझे अंदाज आहेत, दहा जणांच्या ग्रुपचे, माणशी, आपल्या रुपयात. भाव दर सीझनला हलतात, तुम्ही स्वतः चौकशी करून बदलून घ्या, पण रकाने हेच ठेवा.

गावापासून पोखरा आणि परत: नागपूरहून गोरखपूरला दक्षिणेकडून येणाऱ्या थेट गाड्या आहेत पण रोज नाहीत, प्रवास जवळपास एक दिवसाचा. स्लीपर सहा-सातशे. गोरखपूरहून सुनौली बॉर्डर नव्वद-शंभर किलोमीटर, पलीकडं भैरहवा, तिथून पोखऱ्याची बस, आठ-नऊ तास. एसटीपासून वाटेतल्या जेवणापर्यंत सगळं धरून जाऊन-येऊन ५,५००. रेल्वेचं बुकिंग ६० दिवस आधी उघडतं, त्याच दिवशी सकाळी काढा.

पोखऱ्यात तीन रात्री, जेवणासकट ३,५००. परमिट: अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचं सार्क देशांसाठी १,००० नेपाळी आणि टिम्स कार्ड (ट्रेकरच्या नोंदणीचं) तेवढंच, म्हणजे आपले १,२५०. बाकी परदेशी लोकांना जास्त पडतं, एजन्सीनं तोच दर आपल्याला लावला नाही ना हे बिलात बघा. जीप १,५००.

ट्रेकवर जेवण-रूम दिवसाला २,००० धरून आठ दिवसांचे १६,०००. खाली स्वस्त असतं, वर प्रत्येक गोष्ट माणसाच्या पाठीवर येते म्हणून महाग होत जाते, त्यात काही चूक नाही, घासाघीस करू नका. दालभात मागवा, भात-वरण-भाजी परत परत वाढतात, आपल्या जेवणाला तेच जवळचं आणि पोट भरतं. छोमरोंगच्या वर मटण-चिकन मिळत नाही, तो भाग तिथले लोक पवित्र मानतात. गरम पाणी, आंघोळ, मोबाइल चार्जिंग याचे वेगळे पैसे लागतात आणि बजेट फुगतं ते इथंच, म्हणून पॉवर बँक आणि पाणी शुद्ध करायच्या गोळ्या घरूनच.

गाइड दोन घ्या, एक मुख्य आणि एक सहायक. एजन्सीवाला म्हणेल दहा जणांना एक पुरतो. पण एक जण आजारी पडला तर त्याला घेऊन खाली कोण उतरणार? एकच गाइड असेल तर एकतर सगळा ग्रुप उतरतो नाहीतर आजारी माणूस वर ओढला जातो, आणि दुसरं जास्त घडतं. दोघांचे दिवसाला २,७०० प्रमाणे आठ दिवसांचे ४३,२००, माणशी ४,३००. पोर्टर दोघांत एक, म्हणजे पाच, दिवसाला २,००० प्रमाणे माणशी ८,०००. दोघांचं सामान मिळून वीस किलोच्या आतच ठेवा. तो पण माणूस आहे, आणि त्याचा इन्शुरन्स आहे का, त्याच्या अंगात जॅकेट आणि पायात बूट आहेत का, हे एजन्सीला विचारायची जबाबदारी आपली आहे.

टिप १,२००. इन्शुरन्स २,०००.

बेरीज ४३,२५०. त्यावर पंधरा टक्के राखीव, म्हणजे साडेसहा हजार, तो राखीव दिवस यातूनच निघतो. झाले पन्नास हजारांच्या घरात. बूट-कपड्यांचे सहा-आठ हजार वेगळे.

यातली एक गोष्ट नीट समजून घ्या. जेवण, परमिट, तिकीट हा खर्च माणसागणिक आहे, कुणी गळलं तर तो खर्च पण गळतो. पण गाइड, जीप हा ठोक खर्च आहे. दहाचे सात झाले तर गाइडचा वाटा ४,३०० वरून ६,२०० च्या जवळ जातो. म्हणून बजेट मांडताना दहाचं एक आणि सातचं एक, असे दोन कागद करा आणि सगळ्यांना दोन्ही दाखवा. नियम पण लिहून सही घ्या: अमुक तारखेनंतर गळणाऱ्याला ठोक खर्चातला त्याचा वाटा परत मिळणार नाही, घरात आजारपण किंवा मृत्यू असेल तर तो सगळे मिळून सोसतील. मैत्रीत लिहून काय घ्यायचं असं म्हणतात लोक, पण लिहिलेलं असलं की मैत्री टिकते.

इन्शुरन्स घेताना दोनच ओळी शोधा: ट्रेकिंग किती मीटरपर्यंत कव्हर आहे, आणि हेलिकॉप्टरनं आणायचा खर्च आहे का. हेलिकॉप्टरचं बिल लाखांत जातं. २०१८ मध्ये नेपाळात खोट्या रेस्क्यूचा घोटाळा उघड झाला होता, थोडं डोकं दुखलं तरी हेलिकॉप्टर मागवून इन्शुरन्सकडून पैसे काढायचे, तेव्हापासून कंपन्या जास्त चौकशी करतात. म्हणून जीवावर बेतलेलं नसेल तर आधी कंपनीच्या मदत नंबरला फोन, मंग हेलिकॉप्टर, आणि तो नंबर प्रत्येकाच्या खिशात कागदावर.

पैसे गोळा करायचे कसे

पगारदार महिन्याला देऊ शकतो, शेतकऱ्याला ते जमत नाही, त्याचा पैसा मालाबरोबर येतो. म्हणून हप्ते पिकावर बसवा. पहिला डिसेंबरात, सोयाबीन आणि कापसाचे पैसे आल्यावर, दहा हजार, यातून पासपोर्ट सोडून बाकी अॅडव्हान्स होतो. दुसरा फेब्रुवारीत तुरीनंतर, वीस हजार. उरलेला मार्च अखेर. खातं दोघांच्या सहीचं उघडा, गोळा करणारा एक आणि हिशोब लिहिणारा दुसरा, आणि दर हप्त्याला वहीच्या पानाचा फोटो ग्रुपवर टाका. एजन्सीला सगळी रक्कम आधी देऊ नका, पाव किंवा तिसरा हिस्सा अॅडव्हान्स, बाकी पोखऱ्यात.

आणि एक मनापासून सांगतो. पीककर्जाचा पैसा यात घालू नका. जूनमधलं बी-बियाणं, खत, पोरांची फी बाजूला काढून जे उरते त्यातून होत असेल तरच या वर्षी, नाहीतर भिशीसारखं महिन्याला दोन-दोन हजार टाकत पुढच्या नाहीतर त्याच्या पुढच्या एप्रिलला जाऊ. डोंगर तिथंच आहे.

नगद किती न्यायची? पोखरा सोडलं की एटीएमचा भरवसा नाही. आता नेपाळात बऱ्याच दुकानात क्यूआरवर आपलं यूपीआय चालतं, पण ते पोखऱ्यापुरतं धरा, वर नेट नसतं. ट्रेकचे सगळे पैसे नेपाळी नोटांत बदलून तीन जणांकडं विभागून ठेवा. आपल्या शंभरच्या नोटा तिकडं चालतात, मोठ्या नोटांचे नियम बदलत राहतात ते निघायच्या आठवड्यात बघून घ्या.

शरीराची तयारी

शेतात राबणाऱ्याचे पाय मजबूत असतातच, तरी दोन गोष्टी वेगळ्या आहेत, पाठीवर ओझं घेऊन सलग पाच-सहा तास चढणं, आणि उतरणं. गुडघे जातात ते उतरताना. आठवड्यात चार दिवस पहाटे चालणं-पळणं, आणि एक दिवस धरणाच्या पाळीवर नाहीतर गावच्या टेकडीवर पाठीवर सहा-सात किलो घेऊन तास-दीड तास वर-खाली. फेब्रुवारीपासून शनिवार-रविवार लागोपाठ दोन दिवस लांब चाला, दुसऱ्या दिवशी दुखत्या पायानं चालता येते का हे कळणं महत्त्वाचं. मार्चपासून ऊन तापते, सातच्या आत आटोपा.

ग्रुपची परीक्षा घ्यायला आपल्याकडं महाशिवरात्रीसारखी संधी नाही. पचमढीला चौरागडावर आपली माणसं त्रिशूळ खांद्यावर घेऊन हजाराच्या वर पायऱ्या चढतात, नागद्वारची पायी यात्रा पावसात करतात, साठीच्या बायका करतात. सगळ्या ग्रुपनं एकदा चौरागड सोबत करा. कोण पुढं पळतो, कोण थकल्यावर चिडतो, कोण मागं राहिलेल्यासाठी थांबतो, सगळं तिथं दिसतं. गाविलगडला एक मुक्काम केला तरी चालेल.

सामानाबद्दल थोडक्यात

बूट तीन महिने आधी घ्या आणि त्याच बुटात सराव करा, नवे बूट सरळ ट्रेकवर घातले की दुसऱ्या दिवशीच टाच सोलते. डाउन जॅकेट आणि स्लीपिंग बॅग पोखऱ्यात भाड्यानं मिळतात, आपल्याकडं परत कधी कामी येणार नाहीत. घरून थर्मल, लोकरी टोपी, हातमोजे, रेनकोट, गॉगल, हेडलाइट, काठ्या. निघताना गावात त्रेचाळीस डिग्री असते आणि वर रात्री शून्याच्या खाली, त्यामुळं ऊन बघून लोक गरम कपडे काढून ठेवतात, निघायच्या आदल्या दिवशी एकमेकांच्या बॅगा तपासा. खायला जवसाची चटणी, शेंगदाण्याचे लाडू, थोडा चिवडा, वर भूक लागत नाही तेव्हा तोंडाला ओळखीची चव लागली की दोन घास जातात. सॅनिटरी पॅड पुरेसे न्या, वर मिळतील असं धरू नका, आणि वापरलेले परत खाली आणायला जाड पिशवी ठेवा.

वर गेल्यावर रोजचं काम

रोज संध्याकाळी जेवणाआधी सगळ्यांनी एकत्र बसायचं आणि एकेकानं सांगायचं: डोकं दुखतं का, मळमळ, चक्कर, भूक, झोप. डोकेदुखी आणि सोबत यातलं काही असेल तर तो उंचीचाच त्रास धरायचा आणि त्रास जाईपर्यंत वर झोपायला जायचं नाही. वाढला तर खाली. कोरोनात घेतलेलं ऑक्सिमीटर सोबत न्या, पण चार हजारांवर ८० ते ९० च्या मधले आकडे सर्रास दिसतात, आकडा बघून घाबरू नका आणि आकडा चांगला आहे म्हणून त्रासाकडं दुर्लक्ष पण करू नका.

संशय आला तर लॉजच्या अंगणात सरळ रेषेवर त्याला चालायला लावा, एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या अंगठ्याला टेकवत, दहा पावलं. दारू प्यायल्यासारखा झोकांडला, किंवा बोलणं असंबद्ध झालं, तर मेंदूला सूज येऊन राहिली. बसल्या जागी दम लागतो, खोकला येतो, ओठ निळे पडतात, तर फुप्फुसात पाणी. दोन्हीत एकच उपाय, त्याच क्षणी खाली, रात्र असली तरी, सहायक गाइड आणि ग्रुपमधला एक जण सोबत. हे दोघं कोण हे आदल्या दिवशीच ठरलेलं पाहिजे. आजारी माणूस म्हणेल "मले काही नाही झालं, तुमी चला", त्याचं ऐकायचं नाही.

परत आल्यावर

टिप शेवटच्या संध्याकाळी पोखऱ्यात, गाइड-पोर्टर सगळ्यांसमोर, ज्याच्या त्याच्या हातात द्या, एकाकडं देऊन वाटायला सांगू नका. हिशोब गोरखपूरहून परतीच्या गाडीतच लिहून काढा, पावत्या तेव्हा खिशात असतात. राखीव रक्कम उरली तर आठ दिवसांच्या आत ज्याची त्याच्या खात्यावर परत, "पुढच्या ट्रेकला ठेवू" असं परस्पर ठरवायचं नाही, कारण तोवर मे संपत आलेला असतो आणि त्या पैशातून कुणाला तरी बियाण्याच्या दोन बॅगा घ्यायच्या असतात.